आधी दोन गावं, मग महाराष्ट्र

प्रति,
मा. ना. अ‍ॅड. आशिष शेलार,
माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य.

विषय : सरकारी संकेतस्थळं कमी मुदतीत लोकांसाठी खुली करण्याच्या पद्धतीबाबत.

महोदय,



३० ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारनं आंदोलक शेतकऱ्यांना शब्द दिला, की कर्जमाफीबाबतचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेतला जाईल. तो निर्णय काय असावा, कितीचा असावा, यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या टप्प्याबद्दल. असा कोणताही निर्णय झाला की पाठोपाठ एक संकेतस्थळ येतं, हे आता ठरून गेलंय. अर्ज भरायचा असो, यादीत नाव बघायचं असो की आधार प्रमाणीकरण करायचं असो, सगळं येऊन थांबतं ते सेवा केंद्रातल्या एका स्क्रीनपाशी. घोषणा झाल्यापासून ती स्क्रीन गावात उघडेपर्यंत फार दिवस मिळत नाहीत. त्या थोड्या दिवसांत काय करावं आणि काय टाळावं, यासाठी हा पत्रप्रपंच.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपुरात राहून मी पतसंस्था, कृषी सेवा केंद्रं, छोटे कारखानदार यांच्यासाठी संकेतस्थळं आणि सॉफ्टवेअर तयार करतो. माझं कार्यालय ज्या इमारतीत आहे, तिच्या तळमजल्यावर सेवा केंद्र आहे. त्यामुळे वर बसून डेमो कसा सजवला जातो ते मला ठाऊक आहे, आणि जिना उतरलं की लाइव्ह साइटपुढे माणसांचं काय होतं तेही रोज दिसतं.

मुदत कमी असते, ही माझी तक्रार नाही. आमच्या धंद्यात कुणीही ‘सावकाश करा’ म्हणत नाही. दुकानदाराला साइट दिवाळीच्या आत हवी असते, पतसंस्थेला वार्षिक सभेच्या आत. सरकारला तर प्रवेश, पेरणी, अधिवेशन, निवडणूक यांतलं काही ना काही समोर असतंच. लोकांनाही पैशांची आणि प्रवेशाची निकड असते. माझं म्हणणं एवढंच, की मुदत आखडली की काम आखडायचं असतं. आपल्याकडे मुदत आखडली की चाचणी आखडते आणि काम आहे तेवढंच राहतं : सगळं, सगळ्यांसाठी, एकाच दिवशी सकाळी अकरा वाजता.

अकरावीच्या प्रवेशाचं उदाहरण घ्या. खातं शिक्षणाचं आहे, मला ठाऊक आहे. पण धडा तंत्रज्ञानाचा आहे, म्हणून आपल्यापुढे मांडतो. मुंबई महानगर, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती इथं ऑनलाइन प्रवेश आधीपासून होते. २०२५-२६ या वर्षी ती पद्धत एकदम अख्ख्या राज्याला लागू झाली. तोवर श्रीरामपूरसारख्या ठिकाणी दहावी झालेली मुलं गुणपत्रिका घेऊन थेट महाविद्यालयात जायची, खिडकीवर फॉर्म घ्यायची आणि फलकावर लागलेल्या यादीत नाव शोधायची. १३ मे २०२५ ला निकाल लागला. १९ आणि २० मेला सरावासाठी संकेतस्थळ उघडून दिलं. २१ मेला सकाळी ११ वाजता खरी नोंदणी सुरू व्हायची होती, आणि त्याच दिवशी ते कोलमडलं. मग २६ मेपासून नोंदणीची नवी तारीख आली. पहिली प्रवेश यादी लागेपर्यंत जून संपत आला होता.

दोन दिवस सराव ठेवला, हे चांगलंच झालं. पण तो मुलांचा सराव होता, संकेतस्थळाचा नव्हे. दोन दिवसांत सवडीनं येऊन बघून जाणारी मुलं आणि अकराच्या ठोक्याला एकाच वेळी बटण दाबणारी मुलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साइट किती माणसं पेलते हे माणसं बोलावून बघायचं नसतं; त्यासाठी लाखो खोटे वापरकर्ते संगणकानंच निर्माण करून साइटवर सोडता येतात. यालाच आम्ही लोड टेस्टिंग म्हणतो. आधी दहा हजार सोडायचे, मग पन्नास हजार, मग लाख. कुठल्या आकड्याला पान उघडायला वेळ लागतो, कुठं डेटाबेस अडतो, कुठल्या आकड्याला सगळंच झोपतं, हे लिहून काढायचं. मग दुरुस्ती, आणि पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती आणि फेरचाचणी हाच या कामाचा वेळखाऊ भाग. मुदत कमी पडली की नेमका तोच गळतो, कारण डेमो दाखवताना त्याची उणीव कुणाच्या लक्षात येत नाही.

अकरावीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ते प्रवेश गुणवत्तेवर होते. आधी येणाऱ्याला आधी, असा प्रकार नव्हता. म्हणजे पहिल्या मिनिटाला गर्दी व्हायचं कारणच नव्हतं. पण हे ठळक अक्षरांत कुणी सांगितलं नाही, तर पालक आपलं पोरगं मागं पडेल या धास्तीनं दहा वाजल्यापासून मोबाइल धरून बसतात. रेल्वेनं यावर साधा उपाय केलेला आहे. १५ जून २०१५ पासून वातानुकूलित डब्यांचं तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता उघडतं आणि बाकीच्या डब्यांचं ११ वाजता. तिथं तर खरोखरच आधी येणाऱ्याला आधी जागा मिळते, तरीही गर्दी दोन भागांत वाटली. अकरावीसाठी आपण विभागवार दिवस वाटून दिले असते, तर कुणाचंही नुकसान झालं नसतं.

गर्दी वाढली की ओटीपीची तऱ्हा बघण्यासारखी असते. मुलानं नंबर टाकला, ओटीपी मागवला. एसएमएस पाठवणारी यंत्रणा तुंबलेली असते, म्हणून तो येत नाही. मुलगा ‘पुन्हा पाठवा’ दाबतो. आता रांगेत दोन एसएमएस झाले. पहिला उशिरा येतो, तो घाईघाईनं टाकतो; पण दुसरा मागवल्यामुळे पहिला रद्द झालेला असतो. ‘चुकीचा ओटीपी’ असं उत्तर येतं, म्हणून तो तिसरा मागवतो. हजारो घरांत एकाच वेळी हेच चाललेलं असतं, आणि माणसाच्या उतावीळपणानं यंत्रणेवरचा भार आपोआप दुप्पट-तिप्पट होतो. नवा ओटीपी मागवायचं बटण काही वेळ बंद ठेवणं, आधीचा ओटीपी ठरावीक वेळ चालू ठेवणं, ‘तुमच्या आधी इतके जण रांगेत आहेत’ असं स्क्रीनवर दाखवणं, हे उपाय करायला काही जगावेगळं ज्ञान लागत नाही. मात्र ते कुणाला तरी आधी सुचावे लागतात. आणि डेमोच्या वेळी एकच माणूस, एकच फोन आणि जोरात चालणारं नेट असल्यामुळे ते सुचत नाहीत.

आता जिना उतरून खाली चला. डेमोतल्या लाभार्थ्याचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं असतं. आमच्या भागात घरटी एक भाऊसाहेब नाही तर बाळासाहेब सापडतो. शाळेच्या दाखल्यावर तो बाळू असतो, सातबाऱ्यावर बाळासाहेब, बँकेच्या पासबुकावर बाळासाहेब बापाच्या नावासह, आणि आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिसरंच काहीतरी. माणूस एकच असतो, पण संगणकाला ते चार वाटतात. टाकळीभान गावाकडून आलेल्या एखाद्या बाईंच्या पिशवीत सगळे कागद असतात. फक्त आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे असतो आणि नवरा कांद्याची गाडी घेऊन बाजार समितीत गेलेला असतो. केंद्रातला मुलगा त्यांना फोन लावायला सांगतो. नवऱ्याला आधी मेसेज उघडता येत नाही, मग गाड्यांच्या आवाजात आकडे ऐकू येत नाहीत. सहा आकडे पूर्ण होईपर्यंत मुदत संपते. अंगठा लावायचा म्हटलं, तर आयुष्यभर खुरपं आणि विळा धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखता येत नाहीत. ‘मावशी, सर्व्हर डाऊन झालाय, दुपारनंतर या,’ असं तो मुलगा सांगतो. तो खोटं बोलत नसतो. पण मावशींचा अर्धा रोज तिथंच बुडालेला असतो.

अशी माणसं अपवाद आहेत असं समजून साइट तयार केली, की पहिल्याच दिवशी कळतं, की बहुसंख्य तीच आहेत.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत हे दोनदा घडलं. २८ जून २०२४ ला शासन निर्णय निघाला, १ जुलैपासून अर्ज आणि १५ जुलैला मुदत संपणार. अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेऱ्यांत झुंबड उडाली. लगेच अटी बदलल्या : अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल, पिवळ्या-केशरी कार्डावर उत्पन्नाचा दाखला नको, पाच एकरांची अट गेली, वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. अटी सैल झाल्या, हे महिलांच्या भल्याचंच. पण नियम बदलला की फॉर्म बदलतो, फॉर्म बदलला की तपासणीचा तर्क बदलतो, आणि हे सारं चालत्या साइटवर करावं लागतं. आधी चार अंगणवाडी सेविकांसमोर तो फॉर्म ठेवला असता, तर यातले बरेच बदल त्यांनी तासाभरात सांगितले असते.

पुढे १८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं ई-केवायसी आली, दोन महिन्यांच्या मुदतीनं. ओटीपी येत नव्हता, हे खात्यानंही मान्य केलं. शिवाय पती किंवा वडिलांचं आधार लागत होतं. ज्या बाईचा नवरा हयात नाही आणि वडीलही नाहीत, तिनं कुणाचा नंबर टाकायचा? घटस्फोटितेनं काय करायचं? याची सोय नंतर करावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. विधवा बाई ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. निराधार योजनेची यादी प्रत्येक तहसिलात पडलेली असते. उणीव तंत्रज्ञानाची नव्हती. साइट लाखो घरांत पोचण्याआधी एका गावात पोचली नव्हती, एवढंच.

आता यावरचा तोडगा सांगतो. तो परदेशातून आणायचा नाही, आमच्या जिल्ह्यात घडून गेलेला आहे.

१ जून २०१७ ला शेतकरी संपाची ठिणगी पडली ती पुणतांब्यात. श्रीरामपूरहून मनमाडच्या दिशेनं रेल्वेनं निघालं की थोड्याच वेळात ते स्टेशन येतं. संप राज्यभर पसरला आणि २४ जूनला तेव्हाच्या सरकारनं ३४,०२२ कोटींच्या कर्जमाफीची घोषणा केली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल, असं सांगितलं गेलं. २४ जुलैपासून ऑनलाइन अर्ज सुरू झाले, सगळ्या राज्यात एकदम. मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरवर गेली. सेवा केंद्रांवर रात्रीअपरात्री रांगा लागल्या. एकीकडे शेतकऱ्यांनी भरलेले अर्ज, दुसरीकडे बँकांनी दिलेली माहिती, आणि दोन्हींचा मेळ घालायचं काम संगणकाकडे. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, निवडक शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं दिली गेली. त्यानंतर याद्यांमधल्या चुका बाहेर यायला लागल्या. एकच आधार क्रमांक अनेक खात्यांसमोर, असे प्रकार निघाले. खात्यात पैसे पडायला दिवाळी उलटून गेली. दिवाळीची तारीख पाळली गेली, पण काम पूर्ण झालं नव्हतं.

दोन वर्षांनी दुसरं सरकार आलं. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जासाठी. या वेळी शेतकऱ्याकडून अर्जच मागवला नाही. माहिती बँकांकडून घेतली, यादी गावात लावली. शेतकऱ्यानं यादीतला आपला क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर जायचं, आधार प्रमाणीकरण करायचं, रक्कम मान्य असेल तर तसं सांगायचं, नसेल तर तक्रार नोंदवायची. आणि २४ फेब्रुवारी २०२० ला जी पहिली यादी आली, ती फक्त ६८ गावांची होती, जिल्ह्यागणिक दोन. त्यात १५,३५८ खाती होती. आमच्या जिल्ह्यातली दोन गावं होती राहुरी तालुक्यातलं ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातलं जखणगाव. तिथं प्रमाणीकरण झालं, अडचणी कळल्या, मग मोठी यादी आली.

तीही योजना निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. महिनाभरात टाळेबंदी आली, कामं अडली, कुणाकुणाच्या तक्रारी राहिल्या. पण पद्धत बघा. मुदत तेव्हाही कमीच होती. घोषणेपासून पहिल्या यादीपर्यंत जेमतेम दोन महिने. तेवढ्यात दोन गोष्टी आखडल्या : शेतकऱ्याला भरायचे रकाने आणि पहिल्या दिवसाची व्याप्ती. चाचणी मात्र खऱ्या माणसांवर, खऱ्या पैशांची, खऱ्या सेवा केंद्रात झाली. कोणतं सरकार कोणत्या पक्षाचं, याच्याशी मला देणं-घेणं नाही. सरकारी यंत्रणेला हे जमतं आणि त्याची नोंद सरकारच्याच दप्तरात आहे, इतकंच मला दाखवायचं आहे.

आमच्या भागात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. ऊस गाळपाचा हंगाम कधी सुरू करायचा, ती तारीख मंत्री समितीच ठरवते. कारखान्याला ती पाळावी लागते. पण मोळी टाकायच्या दिवशी सकाळी कुणी पहिल्यांदा बॉयलर पेटवत नाही. अग्निप्रदीपन त्याच्या कितीतरी आधी होतं. नळ्या, पंप, गव्हाण, गिरण्या, सगळं एकेक करून चालवून पाहिलं जातं. मोळी पडते तेव्हा फोटो निघतो आणि भाषण होतं; पण त्या समारंभाला अर्थ असतो तो आधीच्या त्या कामामुळे. संकेतस्थळाचं उद्घाटन आपण मोळीसारखं करतो, बॉयलरचा दिवस मात्र कार्यक्रमपत्रिकेत नसतो.

श्रीमंत देशांनाही यातून सुटका नाही. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेत आरोग्यविम्याचं हेल्थकेअर डॉट गव्ह हे सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. लाखो लोक धावून आले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती ६ जणांची. पुढे त्यांच्या संसदेपुढे कंत्राटदारांनी सांगितलं, की सगळे भाग जोडून एकत्र चाचणी करायला शेवटचे दोनच आठवडे मिळाले होते. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला करोना लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविन अडलं, आणि महाराष्ट्राला दुसऱ्या दिवशीच मोहीम थांबवावी लागली होती. पैसा किंवा हुशारी कमी होती म्हणून असं झालं नाही. सगळे भाग एकत्र चालवून बघायला उसंत ठेवली नव्हती.

उलट बाजूचं एक उदाहरण कोल्हापूरच्या वारणेचं. १९९८ मध्ये तिथं केंद्राच्या मदतीनं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांना संगणकानं जोडायचं, शेतीचा सल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी माहिती, सगळं द्यायचं, असा मोठा बेत होता. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन बघितलं, तर शेतकरी मुख्यतः उसाच्या कामासाठीच केंद्रात येत होते : तोडणीची पाळी कधी, वजन किती भरलं, खत किती उचललं. मग सात गावांत संगणक बाजूला ठेवून हीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली, आणि तेवढ्यावर भागलं. मोठ्या बेतातलं लोकांना खरोखर लागतं ते केवढं, हे वापर बघितल्यावर कळतं. नवी साइट आखताना हा प्रश्न आधीच विचारला तर मुदतही पुरते आणि पैसाही.

म्हणून पुढच्या कर्जमाफीच्या, किंवा जी कुठली मोठी योजना येईल तिच्या संकेतस्थळासाठी, आपल्या खात्यानं पाच गोष्टींचा आग्रह धरावा, ही विनंती.

पहिली : दोन गावांचा नियम. राज्यभर खुलं करण्याआधी जिल्ह्यागणिक दोन गावांत संकेतस्थळ खरं चालवावं, खऱ्या लाभार्थ्यांसाठी. त्यातलं एक गाव जिथं मोबाइलला धड रेंज नाही असं निवडावं. आमच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात जे चालेल, ते नगर शहरात चालेलच. गटसचिव, तलाठी, अंगणवाडी सेविका आणि सेवा केंद्रचालक यांना त्या दिवशी निरीक्षक म्हणून बसवावं आणि काय अडलं हे त्यांच्याकडून लेखी घ्यावं.

दुसरी : पहिल्या दिवसाची यादी. अधिकाऱ्यांनी आणि तंत्रज्ञांनी एकत्र बसून लिहून काढावं, की पहिल्या दिवशी काय नसलं तर काम अडेल. कर्जमाफीसाठी नाव, रक्कम आणि ‘मान्य’ की ‘अमान्य’, एवढं पुरतं. रंगीत आलेख, जिल्हावार तक्ते, छायाचित्रासह प्रमाणपत्र नंतर जोडता येतं. या यादीबाहेरची सूचना कितीही वरून आली तरी ती दुसऱ्या टप्प्यात जाईल, असा आदेश मंत्रिस्तरावरून असेल तरच खालचा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो.

तिसरी : भाराच्या चाचणीचा जाहीर दाखला. सरकारी संकेतस्थळाला सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, हे योग्यच आहे. तसंच एका वेळी किती माणसं साइट पेलते, ती चाचणी कधी झाली, पुन्हा कधी होणार, हे उद्घाटनाआधी जाहीर व्हावं. आकडा जाहीर करायचा म्हटलं की चाचणी होतेच.

चौथी : गर्दीची वाटणी आणि स्पष्ट मराठी. जिल्हावार किंवा क्रमांकवार दिवस द्यावेत. ‘आधी आलेल्याला आधी असं नाही’ हे पहिल्या ओळीत लिहावं. अर्धा भरलेला अर्ज जतन व्हावा. ओटीपी आला नाही तर काय करायचं आणि अंगठा उमटला नाही तर कुठं जायचं, हे त्याच पानावर असावं. होय-नाहीचा प्रश्न सरळ असावा. ‘नाही’ला होय म्हणायचं की ‘होय’ला नाही, अशा पेचात कुणाला टाकू नये.

पाचवी : बंद पडलेला वेळ भरून देणं. साइट जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढेल, हा नियम आधीच असावा. मुदतवाढीची भीक मागायला लागू नये आणि शेवटच्या रात्री बातमीची वाटही पाहावी लागू नये. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम केला आणि दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे हे ठरवून दिलं. तो दाखला ज्या साइटवरून मिळतो, तिलाही तशीच हमी लावायला हवी.

यावर काय आक्षेप येतील, ते मी धरून चालतो. दोन गावांना आधी दिलं, तर बाकीचे विचारतील, आम्हाला का नाही? विचारू द्यात. ‘तुमच्याकडे अमुक तारखेला’ हे उत्तर तयार असलं, की माणूस थांबतो. तारीख देऊन साइट न उघडणं हे त्याला जास्त झोंबतं. दुसरा आक्षेप, की आठवडाभर उशीर होईल. अकरावीला पाच दिवस गेलेच, तेही राज्यभरातल्या मुलांचे. तोच आठवडा आधी दोन गावांत खर्च केला असता, तर उशीर तेवढाच झाला असता आणि मनस्ताप टळला असता. तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही : घोषणेच्या दिवशी मंचावर दाखवायला काहीतरी हवं असतं. त्याची गरज मला समजते. मंचावर त्या दोन गावांतली माणसं बसवा, ज्यांचं काम झालेलं आहे. त्यांना दिलेलं प्रमाणपत्र कुणी परत मागणार नाही.

अजून एक. ही संकेतस्थळं बनवणारी पोरं बहुतेक आमच्यासारख्याच गावांतून पुण्या-मुंबईला गेलेली आहेत. अकरा वाजता साइट पडते तेव्हा शिव्या त्यांनाच बसतात. रात्र रात्र जागून ती पुन्हा उभी करतात, हे मी जवळून पाहिलंय. कमी मुदतीत चांगलं काम करणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं, की तुम्ही पहिल्या दिवशी एवढंच करा आणि एवढं नक्की करा. हे सांगायचा अधिकार आपल्याकडे आहे.

शेवटी एक प्रस्ताव. पुढच्या संकेतस्थळाच्या चाचणीसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातली जी दोन गावं निवडाल, त्यातलं एक श्रीरामपूर तालुक्यातलं घ्या. इथं उसाचा शेतकरी आहे, कांद्याचा आहे, शेतमजूर आहे, एकाच शिवारात तीन भाऊसाहेब आहेत आणि नेट जाऊन-येऊन असतं. साइटची कसोटी लागायला आणखी काय पाहिजे? गावोगावचे केंद्रचालक बसायला तयार होतील, मीही बसेन. अडचणींची यादी त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयाला मिळेल. त्या यादीचं उत्तर मिळाल्यावरच राज्यासाठीची तारीख जाहीर करावी, एवढीच विनंती.

कळावे,

आपला,
श्रीरामपूरचा एक संकेतस्थळ-कारागीर